गंगेतलं बेट, चार महिन्यांचं

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी नाशकात गंगापूर रोडला राहते. लॉकडाउनच्या दिवसांत आमच्या पार्किंगमध्ये एक गावठी पिल्लू येऊन बसलं, ते आता घरचंच झालंय. शेपटी गोल वळलेली, म्हणून नाव जिलबी. गेली दोन-तीन वर्षं मी तिला सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेते. आमच्या बाजूला नदीचे दोन फाटे होतात आणि मधे एक खडकाळ उंचवटा राहतो. थोडं गवत, थोडी झुडपं. पाणी कमी असलं की दगडांवरून पलीकडे जाता येतं. तिथे गाड्या नाहीत, भटकी कुत्री नाहीत. मी पट्टा सोडते आणि ती वाऱ्यासारखी सुटते. आणखी दोघीतिघी आपापली कुत्री घेऊन येतात. नंतर दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचं असतं. त्याआधीचा तो पाऊण तास माझा असतो.

आता अडचणी. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास लख्ख ऊन असताना आम्ही पलीकडे होतो आणि परत निघालो तेव्हा घोट्याएवढं पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं. आलो नीट, पण मी घरी सांगून बसले. तेव्हापासून नवरा म्हणतो, बेट बंद. या उन्हाळ्यात तिथे जाळं टाकायला येणाऱ्या एका काकांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं, की तुमच्या कुत्रीने टिटवीची अंडी फोडली. जिलबीने फोडली की दुसऱ्या कुणी, मला खरंच माहीत नाही. सासूबाई म्हणतात, कुत्रं गंगेवरून घरात घाण घेऊन येतं. आणि आता पावसाळ्यात बेट पाण्याखाली गेलंय, तर जिलबी दुसऱ्या रस्त्याने चालायलाच तयार नाही. नदीच्या वळणावर बसकण मारते आणि तिकडेच बघत राहते. जीव तुटतो अगदी.

लोक उगाच बाऊ करतायत का? नवऱ्याला कसं पटवू? आणि तसलीच दुसरी जागा नाशकात आहे का?

जिलबीची आई

उत्तर

ताई,

जागा ओळखू येईल असे तपशील तुमच्या पत्रातून काढून टाकले आहेत. छापले असते तर पुढच्या रविवारी तिथे वडापावची गाडी लागली असती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. कुणी बाऊ करत नाहीये. नवरा, जाळंवाले काका आणि सासूबाई, तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि प्रत्येकाचं वेगळं आहे. पण त्यावरून ‘बेट कायमचं बंद’ हा निकाल मला मान्य नाही. माझ्या मते ते बेट वर्षातले साडेतीन-चार महिने तुमचं आहे. साधारण कार्तिकी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत. एरवी ते नदीचं आणि टिटवीचं. या दोन तारखा मी पंचांग बघून काढलेल्या नाहीत, त्यांना कारणं आहेत. ती नीट सांगतो, म्हणजे घरातही तुम्हाला नीट सांगता येतील.

आधी पाणी. लख्ख उन्हात नदी वाढली याचं तुम्हाला नवल वाटलं, पण नाशकात त्यात नवल काही नाही. शहराच्या वर दहा-बारा किलोमीटरवर गंगापूर धरण आहे, १९६५ सालचं, साडेपाच टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास साठवणीचं. पावसाळा सरला की शहरातून वाहणारी गोदावरी आभाळाचं ऐकत नाही, धरणाच्या दारांचं ऐकते. परतीचा पाऊस उशिरा झाला आणि धरण भरलेलं असलं तर ऑक्टोबरातही विसर्ग होतो. खाली पिण्यासाठी, शेतीसाठी आवर्तन सुटतं. आणि खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात साठा कमी असेल त्या वर्षी समन्यायी वाटपाच्या नियमाने नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं. २०१५, २०१८ आणि २०२३ ची भांडणं तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतीलच. ते पाणी सोडायची वेळ नेमकी दिवाळीच्या मागेपुढे येते. तुमच्या त्या सकाळी पाणी कशासाठी सुटलं होतं याने फरक पडत नाही. डोक्यावर ढग नाही म्हणजे नदी वाढणार नाही, हा हिशेब धरणाखालच्या शहरात चालत नाही एवढं लक्षात ठेवायचं.

बातमीत आपण ‘एक हजार क्युसेक’ वाचतो आणि पान उलटतो, कारण पुराच्या बातम्यांत आकडे वीस-तीस हजारांचे असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर तुमच्या बेटाच्या दोन्ही अंगांनी निघून चाललेत. शहराच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट, रामकुंडावर त्याने कुणाची टपरी हलत नाही. दगडांवरून पलीकडे जाणाऱ्या बाईसाठी मात्र हाच आकडा मोठा. शिवाय धरणातून सुटलेल्या पाण्यात वाटेतले ओढे-नाले भर घालतात, म्हणून होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्याहून मोठा दिसतो.

नाशिककर पूर मोजतो तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. २००८, २०१६, २०१९ या सालांची आठवण निघाली की आजही आधी मारुतीचंच निघतं. पण ते माप भांडी बाजार आणि सराफ बाजारासाठी आहे. मारुतीच्या पायाशी पाणी आल्याची बातमी तुमच्या मोबाइलवर येईपर्यंत तुमचं बेट केव्हाच बुडालेलं असतं. तुम्हाला तुमचं स्वतःचं माप हवं.

तर असं करा. नोव्हेंबरात पाणी उतरलं की अलीकडच्या काठाजवळचा एक ठळक दगड हेरून ठेवा, ज्याच्या पायथ्याशी पाणी असलं की ओलांडणं सोपं असतं. रंग फासू नका, नदी आधीच पुष्कळ रंगलेली आहे. तो दगड निम्मा ओला दिसला की त्या दिवशी मागे फिरायचं. ‘थोडंसंच तर वाढलंय’ म्हणायचं नाही, आणि मैत्रिणी आधीच पलीकडे गेल्यात हे कारण तर मुळीच नाही. पलीकडे असताना मधूनमधून त्या दगडाकडे नजर टाका. पाणी वाढू लागलं की आधी त्याचा रंग बदलतो, काडीकचरा आणि पाणवेलीचे तुकडे वाहत येतात, दगडांमधून येणारा आवाज भरीव होतो. यातलं एक जरी जाणवलं तर गप्पा तिथेच सोडून निघायचं.

ओलांडताना पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत धरायचा. कुत्रं घसरलं तर तुम्हाला सोबत ओढत नेईल असं काही अंगाला बांधलेलं नको. जिलबीला गळपट्ट्याऐवजी छातीवरून येणारा हार्नेस घाला, म्हणजे ओढ बसली तरी गळा आवळणार नाही. तिला उचलून घेऊन जायचं नाही. तुमचा तोल तिच्या चार पायांपेक्षा कच्चा आहे. कानात इअरफोन नको. आणि आता जे लिहितो ते वाचायला कठोर वाटेल: ती वाहू लागली तरी तुम्ही पाण्यात उतरायचं नाही. कुत्रं पोहतं आणि पुष्कळदा खाली कुठेतरी काठाला लागतं. काठाकाठाने पळा, हाका मारत राहा, माणसं गोळा करा. जनावराला वाचवायला पाण्यात शिरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तुमच्या नवऱ्याला ज्याची भीती वाटते ती ही गोष्ट आहे. तो जिलबीबद्दल बोलत असेल, पण रात्री झोप उडत असेल ती तुमच्यामुळे.

आता टिटवी. इथे मी काकांच्या बाजूचा आहे.

टिटवी झाडावर घरटं करत नाही. मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ती उघड्या खडीत, मुरमात, नदीपात्रात एक उथळ खळगा करते आणि त्यात बहुतेक वेळा चार अंडी घालते. करड्या-मातकट रंगाची, काळे ठिपके असलेली. भोवतालच्या गोट्यांत इतकी मिसळून गेलेली की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस मोठा, खोलगट जागी घातली तर बेताचा, असा आडाखा आपल्याकडचे शेतकरी बांधत आले आहेत. हवामान खात्याला तो पटो न पटो, पण त्या आडाख्यासाठी अंडी शाबूत असावी लागतात.

अंडी जिलबीने फोडली की नाही हा वाद घालूच नका, कारण न फोडताही ती वाया गेलेली असू शकतात. जवळपास महिनाभर नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर बसतात. एप्रिल-मेच्या उन्हात आपला काळा बसाल्ट तव्यासारखा तापतो, तेव्हा अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. अशा वेळी चार कुत्री मोकळी धावत असली की ती उडते, आरडाओरडा करत डोक्यावर घिरट्या घालते, लंगडल्याचं सोंग करून कुत्र्याला लांब नेते. बघणाऱ्याला मौज वाटते, व्हिडिओ काढले जातात. तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी. अंड्याला दात न लावताही एका सकाळची मस्ती पुरते. लोक टिटवीच्या ओरडण्याला अपशकुन म्हणतात. खरं तर ती फक्त ‘इथून जा’ म्हणत असते.

म्हणून महाशिवरात्र ही मर्यादा. त्यानंतर तिथे जाण्यात तुमचाही फायदा नाही. दगड तापतात, कुत्र्याचे तळवे भाजतात. हाताची मागची बाजू दगडावर पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेववली नाही तर तिलाही चालवू नका. पाण्याची डबकी साचतात, त्यांवर हिरवट-निळसर साय धरते. त्या शेवाळापैकी काही प्रकार कुत्र्यासाठी विषारी असतात आणि तहानलेलं कुत्रं विचारून पाणी पीत नाही. आपल्यासोबत बाटली आणि वाडगं न्यायचं, हिवाळ्यातसुद्धा.

हिवाळ्याला स्वतःची एक अडचण आहे. ती मी सांगितली तर तुमचे यजमान बेट पुन्हा बंद करतील अशी भीती वाटते, पण सांगतो. ऊसतोड सुरू झाली की बिबट्यांचे लपायचे आडोसे मोकळे होतात आणि ते नदी-नाल्यांच्या झाडीतून ये-जा करतात. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात भर वस्तीत शिरलेला बिबट्या तुमच्या भागात कुणी विसरलेलं नसेल. कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. म्हणून ‘पहाटे शांत असतं’ हा मोह सोडा. सूर्य नीट वर आल्यावर निघा, एकटीने जाऊ नका, आणि काठावरच्या झाडीतून जाताना जिलबी पट्ट्यावर आणि तुमच्या जवळ हवी. वन विभागाने त्या परिसरात पिंजरा लावल्याची बातमी असेल त्या आठवड्यात बेट रद्द, चर्चा नको.

पट्ट्याचं थोडक्यात. तुमच्या पत्रात ‘पट्टा सोडते’ असं आहे, आणि जिलबी हाकेला लगेच येते असं कुठेही लिहिलेलं नाही. वास लागला की गावठी कुत्र्याचे कान बंद होतात. मोकळं सोडण्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातून आठ-दहा मीटरची दोरी आणा, एका टोकाला मजबूत हूक बसवून घ्या. ती हार्नेसला लावा आणि जमिनीवरून घसटत जाऊ द्या. तिला मोकळीक मिळते, तुम्हाला दोरीवर पाय ठेवता येतो. मधूनमधून हाक मारा, आली की खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. बहुतेक लोक कुत्र्याला फक्त घरी निघताना हाक मारतात. मग हाक म्हणजे मजा संपली, हे शिकायला कुत्र्याला फार दिवस लागत नाहीत. कायद्याचंही बघून ठेवा: पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा करून कुणाला धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. काकांनी नुसतंच सुनावलं, हे बरंच म्हणायचं.

खाली घाटाकडे कधी गेलात तर दोरी आखूड. तिथे लोक दशक्रियेला बसलेले असतात, कावळ्याची वाट बघत. त्या पिंडाला आपल्या कुत्र्याचं तोंड लागलं तर तुमची कुठलीही सबब चालणार नाही, आणि चालू नये.

सासूबाईंकडे वळू. त्या ‘घाण’ म्हणतात, पशुवैद्य ‘लेप्टो’ म्हणतील. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात, कुत्र्याला जखमेतून किंवा तोंडावाटे लागतात आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतात. गोदावरीत सांडपाणी मिसळतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पाणवेली उगाच एवढ्या माजत नाहीत. कुत्रं अचानक खाईनासं झालं, ताप, उलट्या, डोळ्यांत-हिरड्यांत पिवळेपणा, गडद लघवी असं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. दुसरी गोष्ट गोचीड. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातून येतात आणि रक्तातून ताप देतात. रोज घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून बघायचं. बेटावर याखेरीज दोन वस्तू सापडतात: मासे पकडायचे तुटलेले गळ, आणि संक्रांतीनंतर झुडपांत अडकलेला नायलॉनचा मांजा. बंदी असूनही तो असतोच. जानेवारीत एकदा पिशवी घेऊन जा आणि तुम्ही चौघी मिळून तो गोळा करा. पक्ष्यांचे पंख वाचतील आणि जिलबीचे पायही.

घरी दाराबाहेर एक बादली आणि जुना टॉवेल ठेवा. पाय, पोट धुऊन पुसूनच आत. आणि जिलबीचं लसीचं कार्ड सासूबाईंच्या हातात द्या. तारखा लक्षात ठेवण्यात त्या पिढीचा हात कुणी धरू शकत नाही, पुढची लस चुकणार नाही.

आता आजचा प्रश्न, म्हणजे आषाढातली जिलबी. ती वळणावर बसते ते विरहाने बसते असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती वाट बघते, आणि तुम्ही तिला रोज त्याचं बक्षीस देता. ती बसली की तुम्ही थांबता, वाकता, ‘नाही गं राणी, पाणी आहे ना तिकडे’ म्हणत तिचे गाल कुरवाळता. हे मला पत्रात वाचायला मिळालं नाही, पण कुत्र्यांच्या आया काय करतात ते मला ठाऊक आहे. दोन आठवडे त्या वळणाच्या बाजूला फिरकूच नका. सोसायटीच्या दुसऱ्या फाटकाने निघा, नाहीतर पहिले काही दिवस गाडीत घालून थेट वेगळ्या जागी न्या आणि तिथून चालायला सुरुवात करा. ओळखीचा कोपरा दिसलाच नाही तर बसणार कुठे?

दुसरं बेट मात्र नाशकात शोधू नका. बेटावर तिला जे मिळत होतं ते वेगळ्या रीतीने द्या. तिथे तिला धावायला मिळायचं हे खरं, पण त्याहून जास्त मिळायचं ते नाकाला: माशांचे खवले, पक्ष्यांची विष्ठा, रोज नव्याने वाहून आलेला गाळ. डांबरी रस्त्यावर पट्टा ताणून आपण तिला दीड किलोमीटर चालवतो आणि प्रत्येक खांबापाशी ‘चल चल’ करतो, ते फिरणं आपलं असतं. तिला वीस मिनिटं मनाप्रमाणे हुंगू द्या. एका खांबाला तीन मिनिटं लागली तरी लागू द्या. गवताच्या पट्ट्यात उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे बारीक तुकडे टाका आणि शोधायला सांगा. नाकाने काम केलेलं कुत्रं धावलेल्या कुत्र्याइतकंच दमतं आणि घरी येऊन जास्त शांत झोपतं. मुसळधार असेल त्या दिवशी हाच खेळ जिन्यात होतो.

जागा हवीच असेल तर पावसाळ्यात नदीपासून वर जा. पांडवलेणीच्या किंवा चामरलेणीच्या पायथ्याचा परिसर सकाळी बरा असतो. लेणी बघायला येणाऱ्यांच्या पायवाटेत मात्र कुत्रं नेऊ नका. गोदा पार्कचा नदीकाठ विसर्ग असेल तेव्हा स्वतःच पाण्यात असतो, तो दसऱ्यानंतर. मखमलाबाद, चांदशीकडचे मळ्यांचे रस्ते छान आहेत, पण शेतकऱ्याला विचारून आणि रस्ता न सोडता. बांधावरच्या उंच गवतात या दिवसांत घोणस असते. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्यांचा सपाटा असतो, तेव्हा त्या बाजूला जाणं टाळा, कुत्रं पाय चाटतं. आणि द्राक्षं, बेदाणे जिलबीला कधीही द्यायचे नाहीत. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात, थोड्याशा प्रमाणातही. नाशकात हे दर सीझनला सांगावं लागतं, कारण प्रत्येक घरात कुणीतरी एक आजोबा असतात जे घड मोडून प्रेमाने कुत्र्याला भरवतात.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खरं वाटलेलं वाक्य जिलबीबद्दल नाही. ‘तो पाऊण तास माझा असतो’ हे ते वाक्य. तो पाऊण तास जिलबीच्या नावावर टाकू नका. घरात सरळ सांगा की सकाळी पाऊण तास मी बाहेर असणार, कुत्रं असो नसो. बेटावर भेटणाऱ्या मैत्रिणी पावसाळ्यात काय करतात? त्याही आपापल्या वळणावर उभ्या असतील. एखाद्या टपरीवर चहाला जमा, कुत्री टेबलाखाली बांधून.

नवऱ्याला पटवायचं म्हणता, तर पटवू नका. त्याने तो गुडघाभर पाण्याचा प्रसंग बघितलेला नाही, फक्त ऐकलेला आहे, आणि ऐकलेली नदी नेहमी मोठी असते. त्याला नोव्हेंबरात एकदा सोबत न्या. खुणेचा दगड त्यालाच निवडू द्या. आणि एक हक्क त्याला देऊन टाका: सकाळी पेपरात किंवा मोबाइलवर विसर्गाची बातमी दिसली आणि तो ‘आज नको’ म्हणाला, की त्या दिवशी वाद नाही. बदल्यात बाकीच्या दिवशी त्याच्या कपाळाला आठी नको. हा सौदा बहुतेक नवऱ्यांना परवडतो. त्यांना बेट बंद करायचं नसतं, आपलं कुणीतरी ऐकावं एवढंच हवं असतं.

या महिन्यात करायचं काम एकच. जिलबीचं कार्ड काढा आणि लेप्टोची मात्रा कधी दिली होती ते बघा. रेबीजची लस दिली म्हणजे सगळं दिलं असं पुष्कळांना वाटतं, पण ती वेगळी आणि ही वेगळी. लेप्टोची कधीच दिली नसेल किंवा मधे खंड पडला असेल तर बहुधा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे दरवर्षी एक असं तुमचे डॉक्टर सांगतील. आत्ता सुरू केलंत तर दिवाळीच्या आत ते पूर्ण होईल.

आणि नोव्हेंबरात पहिल्या दिवशी जिलबीला घरी ठेवून जा. पुरानंतर पात्र तेच राहत नाही. तुमचे ओळखीचे दगड सरकलेले असतात, जिथे घोटाभर होतं तिथे डोह झालेला असतो. हातात काठी घ्या, तळ चाचपत चला. कुठे खोल झालंय हे त्या जाळंवाल्या काकांइतकं कुणालाच ठाऊक नसेल. ते भेटले तर आधी टिटवीबद्दल माफी मागा आणि मग पाण्याबद्दल विचारा, याच क्रमाने.